भिंगरीचा थापाड्या मीटर

मित्रांनो, मी सायकलचा एक जुना मीटर आहे. आगपेटीएवढा माझा देह, त्याला एक काचेचा डोळा, एक बटण आणि पोटात एक चपटा सेल. हँडलवर बसायचे आणि सायकल किती जोरात पळते, आजवर किती पळाली, ते आकड्यांत सांगायचे, एवढेच माझे काम. मला आकड्यांखेरीज काही बोलता येत नाही, असे लोकांना वाटते. म्हणूनच माझ्या पोटात इतक्या गोष्टी साठून राहिल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा खऱ्या आहेत. कुठल्या, ते तुम्ही ओळखा.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. चिमट्याने मला जोडणाऱ्या बाईंना त्या दिवशी पडसे झाले होते. त्यांनी अशी काही शिंक दिली की खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि माझा एक इवलासा स्क्रू उडाला. दुसरे कोणी असते तर मला तसाच डबीत भरून मोकळे झाले असते. पण त्या बाई गुडघ्यांवर बसून अर्धा तास टेबलाखाली रांगल्या आणि स्क्रू शोधून काढला. माझा एक स्क्रू ढिला आहे असे पुढे पुष्कळ जण म्हणाले, पण ते साफ खोटे. त्या बाईंचे उपकार मी विसरलेलो नाही.

तिथून मी एका सायकलदुरुस्तीच्या दुकानात आलो. दुकानाच्या मालकाला सगळे मामा म्हणत. त्याने मला स्वतःच्याच सायकलवर बसवले. आता माझ्या धंद्यातले एक गुपित तुम्हाला सांगतो. मला वेग कळत नाही आणि अंतरही कळत नाही. चाकाच्या एका तारेला छोटे लोहचुंबक बांधलेले असते. ते चाकाजवळ बांधलेल्या माझ्या वायरीच्या टोकासमोरून गेले की मला कळते, चाकाचा एक फेरा झाला. चाक एका फेऱ्यात किती पुढे जाते, तो आकडा बसवताना मला सांगून ठेवावा लागतो. मग मी फेरे मोजतो आणि गुणाकार करतो. मामाच्या चाकाचा आकडा होता दोन हजार शहाण्णव मिलिमीटर. त्याच्याकडे येणाऱ्या शर्यतीच्या जवळजवळ सगळ्याच सायकलींची चाके त्या मापाची. हा आकडा त्याला स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पक्का पाठ होता.

मामाबरोबर मी आठ वर्षे हिंडलो. एकदा समोरून असा वारा सुटला की सायकल पुढे आणि माझे आकडे मागे जाऊ लागले. एकदा मामा उतारावर इतका सुसाट निघाला की त्याची सावली मागेच राहिली. ती बिचारी संध्याकाळी धापा टाकत घरी पोचली. पुढे मामाचा गुडघा दुखू लागला. सायकल विकली गेली आणि मी जुन्या नट-बोल्टांच्या खणात जाऊन पडलो. तीन वर्षे अंधार आणि ग्रीसचा वास. माझा सेल संपला, आणि सेल संपला की माझी आकड्यांची सगळी आठवणच पुसली जाते. तेवढ्यापुरता का होईना, मी जगातला सर्वांत प्रामाणिक प्राणी होतो.

त्या खणातून मला बाहेर काढले ते मामाच्या भाचीने. ती आणि तिची आई दुकानाच्या वरच राहत. आई चष्म्याच्या दुकानात भिंगे घासायची. ही पोरगी चौदा वर्षांची, उंचीने बेताची, पण पायांत भोवरा. म्हणून तिचे नाव भिंगरी. खऱ्या नावाने हाक मारली तर ती ‘कोण?’ म्हणून मागे बघायची. तिला शर्यतीत उतरायचे होते. मामाने तिच्यासाठी स्वतःच्या हाताने एक सायकल बांधली. तिची उंची पाहून चाकेही लहान मापाची घातली. मोठी घातली असती तर सीटवर बसल्यावर तिची हनुवटी हँडलला टेकली असती. शेवटी त्याने मला पुसून हँडलवर बसवले, नवा सेल घातला आणि आकडा भरायला बटण दाबू लागला.

मित्रांनो, इथेच घोटाळा झाला. त्याच्या बोटांनी सवयीने भरला दोन हजार शहाण्णव. चाक लहान आणि आकडा मोठ्या चाकाचा. म्हणजे दर फेऱ्याला मी टीचभर अंतर फुकट वाढवून सांगू लागलो. टीचभरच म्हणा, पण चाक दिवसातून हजारो वेळा फिरते. मला काय कळणार? मालकाने सांगितलेल्या आकड्याने गुणायचे, हा माझा धर्म. जन्मभर मी हौसेने थापा मारल्या, पण माझी सर्वांत मोठी थाप मी अगदी इमानदारीने मारली.

ते वर्ष आमचे सोन्याचे होते. भिंगरी पहाटे पाचला उठायची. शहराबाहेरच्या रस्त्यावर आम्ही दोघेच असायचो, आणि तिसरी भिंगरीची बेसूर शीळ. सरावाला जोडीदार नाही की गुरू नाही. जो काही गुरू तो मामा, आणि तो दुकानाच्या पायरीवर पाय लांब करून आमची वाट बघत असायचा. आम्ही परतलो की तो आधी माझ्या डोळ्यात वाकून बघायचा आणि मग भाचीच्या. एक दिवस मी ताशी साडेचौतीस दाखवले. मामाला असा आनंद झाला की त्याने पिवळ्या तेलरंगाने दुकानाच्या भिंतीवर हातभर उंचीचा आकडा रंगवला. पंक्चर काढायला आलेल्या प्रत्येक माणसाला तो सांगायचा, “आमची भाची. साडेचौतीस! तुम्ही मोटारीने तरी जाता का हो?”

आणि मग शर्यत आली. दुसऱ्या गावातला रस्ता, वीस किलोमीटर. एकेका मुलीला एकेका मिनिटाने सोडायचे आणि प्रत्येकीने एकटीने घड्याळाशी झुंजायचे. गेल्या वर्षीची पहिली आलेली मुलगी तेहतिसाने गेली होती. त्यामुळे मामाने आदल्या दिवशीच भिंतीवर चषकासाठी फळी ठोकून ठेवली होती.

भिंगरी निघाली ती वाऱ्यासारखी. माझ्या डोळ्यात एकोणीसचा आकडा आला तशी ती उभी राहून पॅडल मारू लागली. अंगात होते नव्हते तेवढे सगळे तिने ओतले. मी वीस दाखवले. समोर गोदामाची लांब भिंत आणि तिला वळसा घालणारा रस्ता. शेवटची रेघ वळणाआडच असेल म्हणून ती दात खाऊन वळली. रेघ नव्हती. तिथे नुसता रस्ताच होता, सरळ आणि मोकळा. अजून दीड किलोमीटर उरला होता आणि पोरीच्या पायांत एक थेंबही उरला नव्हता. मागून सुटलेल्या चार मुली एकामागून एक तिला ओलांडून गेल्या. रेघेवर ती पोचली तेव्हा चालणारा माणूसही तिच्याबरोबर गप्पा मारू शकला असता.

सायकल टाकून ती तडक वेळ नोंदवणाऱ्या बाईंसमोर उभी राहिली. “रस्ता चुकीचा मोजलाय तुम्ही! माझ्या मीटरवर साडेएकवीस झालेत!”

“बाळ, आधी पाणी पी.”

“पण बाई, दीड किलोमीटर जास्त...”

“पाणी पी. मग भांड.” बाईंनी घड्याळावरची नजर न हलवता तिच्या हातात बाटली दिली. “तुझ्याआधी सोळा जणी पोचल्या. एकीलाही रस्ता जास्त लागला नाही. तुझ्या मीटरलाच लागला. बराच हिंडलेला दिसतोय.”

मी हँडलवर बसल्या जागी गोठलो.

त्याच संध्याकाळी मामाने दुकानाच्या फरशीवर खडूने रेघ ओढली, टायरवर खूण केली, चाक एक फेरा फिरवून दुसरी रेघ ओढली आणि मधे टेप धरली. एकोणीसशे चव्वेचाळीस. त्याने पुन्हा मोजले. मग तिसऱ्यांदा मोजले.

“मामा, ताणू नकोस,” भिंगरी म्हणाली. “टेप आहे ती. ओढून वाढत नाही.”

मामा खाली बसूनच राहिला. “माझी चूक गं. बोटांनी आपोआप भरला तो आकडा.”

“म्हणजे साडेचौतिसाने मी कधी गेलेच नाही.”

“बत्तीस होतात. तुझ्या वयाला बत्तीस काय कमी...”

“कमी आहे का, असं मी विचारलं का?”

ती जिना चढून वर गेली. मामाने रॉकेलचा बोळा घेऊन भिंतीवरचा आकडा घासायला सुरुवात केली. तेलरंग कसला जातो! तो पसरला आणि नुसता पिवळा डाग मोठा झाला.

मित्रांनो, भिंगरी मामावर रुसली असती तर बरे झाले असते. रुसवा काढता येतो. ती रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी पाचचा गजर झाला, तिने तो बंद केला आणि कूस बदलली. तिसऱ्या दिवशी गजरच लावला नाही. जिन्याच्या वळणावर एका खुंटीला सायकल टांगली गेली. आधी तिच्यावर एक ओला टॉवेल आला, मग छत्री, मग कांद्यांची पिशवी. कांद्याचे एक साल येऊन माझ्या डोळ्यावर बसले आणि तीन आठवडे तिथेच राहिले. झटकायला मला हात कुठे आहेत?

मामा रोज गुडघा धरून जिना चढायचा. कधी हँडलची नवी पट्टी आणायचा, कधी घंटी. शर्यतीच्या सायकलला घंटी काय करायची, हे त्यालाही माहीत नव्हते.

“मामा, तू चुकलो म्हणालास, मी बरं म्हटलं. झालं ना?” एकदा भिंगरी त्याला म्हणाली.

“मग येत का नाहीस?”

तिने सायकलवरचा टॉवेल उलटून टाकला. मग म्हणाली, “कंटाळा आला असता तर सांगितलं असतं रे. मला काहीच होत नाही. सायकलकडे बघते तर ती टॉवेल वाळत घालायची वस्तू वाटते.”

“अगं, पण एवढी मेहनत...”

“दादा,” स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “तिला ढकलू नकोस. आमच्याकडे वर्षभर चुकीचा नंबर घालून वावरलेली माणसं येतात. बरोबर नंबरचा चष्मा दिला की आधी त्यांना गरगरतंच. पायरी उतरताना भिंत धरतात. तेव्हा आपण त्यांना पळा म्हणतो का?”

“नाही म्हणत,” मामा म्हणाला.

“मग खाली जा. आणि ती घंटी घेऊन जा.”

असे चार महिने गेले. एका रात्री जेवताना भिंगरीनेच विषय काढला. “सायकल देऊन टाका कुणाला तरी. उगाच जिना अडवतेय.” आईने तिच्याकडे नीट बघितले आणि म्हणाली, “तुझी वस्तू आहे. देऊ. पण तू स्वतः नेऊन दे.” शहराबाहेर चौदा किलोमीटरवर रोपवाटिका चालवणारे एक आजोबा होते. नातीसाठी अशी लहान मापाची सायकल मिळेल का, म्हणून ते दोनदा दुकानात येऊन गेले होते. रविवारचा दिवस ठरला. सायकल चालवत न्यायची आणि बसने परत यायचे.

रविवारी सकाळी भिंगरीने कांदे उतरवले, टायरांत हवा भरली आणि निघता निघता माझ्याकडे बघितले. मला वाटले, आता ही मला उचकटून नाल्यात भिरकावणार. तिने तसे केले नाही. मामाच्या टेबलावरची काळी चिकटपट्टी घेतली, एक तुकडा दाताने तोडला आणि माझ्या डोळ्यावर चिकटवला. “तू गप्प बस,” म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी तरी एक बोलता येणारा प्राणी समजून दटावले. मला फार बरे वाटले.

अंधारात बसून मी फेरे मोजू लागलो. सुरुवातीचे फेरे असे रेंगाळत आले की प्रत्येकाला नाव देता आले असते. शहर संपले तसे एक कुत्रे मागे लागले. त्याच्या भुंकण्यावरून सांगतो, ते वाघाएवढे असणार. भिंगरीने पाय उचलले. फेरे भराभर येऊ लागले. कुत्रे दमून मागे राहिले, पण फेरे कमी झाले नाहीत. लाकडी पुलावरून जाताना फळ्या खडखडल्या, कालव्याचा गार वारा लागला, आणि तेवढ्यात वर कोणी तरी शीळ घालू लागले. अगदी बेसूर. चार महिन्यांत मी ती ऐकली नव्हती. आमचा वेग तेव्हा किती होता, ते मला ठाऊक आहे. सांगणार नाही.

रोपवाटिकेची पाटी आली आणि गेली, हे मला मागाहून कळले. माझ्या हिशेबाने आम्ही पुढे सव्वा नऊशे फेरे गेलो, म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटर. मग करकचून ब्रेक लागला. “अगं बाई! मागेच राहिली की!” भिंगरी स्वतःशीच म्हणाली आणि एकटीच खो-खो हसली.

परतून आम्ही फाटकातून आत शिरलो, तेव्हा पट्टीचा एक कोपरा सुटून मला फटीतून दिसू लागले. कुंड्यांच्या रांगांमधून आजोबा पुढे आले आणि त्यांच्याआधी त्यांची नात. दहा वर्षांची, गुडघ्यांना माती. सायकलभोवती दोन चकरा मारून तिने विचारले, “ताई, ही किती जोरात जाते?”

भिंगरीने तोंड उघडले. आकडा सांगायचा तर तिच्याकडे आकडाच नव्हता. माझ्यावर पट्टी, आणि आधीचे सगळे खोटे.

“किती म्हणजे...” ती म्हणाली. “आधी कानांत वारा घोंघावतो. मग थोडा आणखी जोर लाव, की तुझाच श्वास ऐकू येतो, आणि मग तोही पायांच्या तालावर यायला लागतो. पुलावर फळ्या कशा बोलतात, ते तर तू ऐकच. आणि कालव्याच्या उतारावर डोळ्यांतून पाणी येतं, ते कानांपर्यंत जातं. पाय दुखतात. खूप दुखतात. पण असं वाटतं ना, की आता थांबू नये. पहाटे तर काय, सगळा रस्ता आपलाच. मी आत्ता येताना...”

ती बोलतच राहिली. तिचा एक हात कधी हँडलवर आला आणि मूठ कधी आवळली गेली, ते तिलाही कळले नाही. मला कळले. मी त्या मुठीखालीच होतो.

आजोबांनी हातातली झारी खाली ठेवली. “पोरी, एक सांग. तू सायकल द्यायला आलीस की माझ्या नातीला जळवायला?”

भिंगरी थांबली. “द्यायला,” ती म्हणाली, पण हात सोडवेना.

“मी चाळीस वर्षं रोपं विकतोय. जे द्यायचं नसतं, त्या रोपाची मी अशीच तारीफ करतो. शेवटी गिऱ्हाईक जातं आणि रोप माझ्याकडेच राहतं. ने परत.”

“आजोबा!” नातीने भोकाड पसरले. “मग मला काय?”

भिंगरी गुडघ्यांवर बसली आणि तिने नातीच्या पायाची लांबी वितीने मोजली. “तुला ही मोठीच होते. माझा मामा तुझ्या मापाची बांधून देईल. बांधून होईपर्यंत दर रविवारी मी येईन आणि तुला हिच्यावर बसवेन. मागून धरेन.”

“सोडणार नाहीस ना?”

“सोडणार. पण सांगून सोडेन.”

दुपारी मामा दुकानाच्या पायरीवर बसला होता. आम्हाला बघून तो उठला नाही. नुसता बघत राहिला.

“बसने येणार होतीस ना?”

“बस चुकली.”

“तासाला एक असते.”

“सगळ्या चुकल्या.”

मामाने एक नट उचलला आणि चिंधीने पुसू लागला. तो नट आधीच लखलखीत होता. बराच वेळ पुसल्यावर तो म्हणाला, “भूक लागली असेल. वर जा, आई थांबली आहे.”

पुढच्या वर्षी भिंगरी त्याच शर्यतीत नववी आली. मी पट्टीआडूनच गेलो होतो. मामाने आता माझ्यात बरोबर आकडा भरला होता, तरी पट्टी काढायची की नाही हे भिंगरीच ठरवायची. सरावाला आठवड्यातून एकदा काढते, बघते, वहीत लिहिते आणि परत लावते. नववी आली म्हणून चषक मिळाला नाही. मामाच्या फळीवर आता ग्रीसचे डबे आहेत. पण रेघ ओलांडून ती थांबलीच नाही, तशीच हसत आणखी एक वळण पुढे गेली. वेळ नोंदवणाऱ्या बाईंना शिट्टी वाजवून तिला परत बोलवावे लागले.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. माझ्या डोळ्यात आठ आणि शून्य सारखेच दिसतात. तरी मला कोणी टाकले नाही. माझी थाप उघडी पडली तेव्हा पोरीने मला नाल्यात फेकले असते, तर मला कोणाकडे दाद मागता आली असती? स्क्रू शोधणाऱ्या बाईंचे, मामाचे, भिंगांवाल्या आईचे, त्या आजोबांचे आणि सर्वांत जास्त भिंगरीचे माझ्यावर ऋण आहे. तुम्हाला एकच विनंती करतो. तुमच्या घरातले मीटर, घड्याळे, वजनकाटे यांना पुसत जा, सेल वेळेवर बदला, आणि नवा सेल घातला की आकडा पाठ आहे म्हणून भरू नका. खडू घ्या, फरशीवर रेघ ओढा आणि चाक स्वतः मोजा. आम्ही सांगू ते ऐका. पण आज मजा आली का, हे आम्हाला विचारू नका. ते आमच्या गुणाकारात बसत नाही.

आता निघायला हवे, आज रविवार आहे. नात हल्ली स्वतःच्या सायकलवर असते आणि कालव्याच्या चढावर हमखास मागून ओरडते, “ताई, अजून किती राहिलं?”

“हे काय, थोडंसंच!” भिंगरी मान न वळवता सांगते.

मी पट्टीखाली फेरे मोजत असतो. पुष्कळ राहिलेले असते. पण मी गप्प बसतो.